तुमचे प्रश्न: बाळसं की आजार?

प्रश्न: डॉक्टर ताई, आम्ही यावल तालुक्यातले, केळीचं थोडं शेत आहे. मुलगा चौदा महिन्यांचा. जन्माला सव्वाचार किलो होता, शुगर कमी झाली म्हणून काचेत ठेवला होता. जीभ मोठी, सारखी बाहेर असते आणि आता उजवा पाय डाव्यापेक्षा जाड दिसतो. सासूबाई म्हणतात पोऱ्या गुटगुटीत आहे, नजर लावू नका, आणि दुसरीकडे मी ग्रहण पाळलं नाही असंही त्याच म्हणतात. जळगावच्या डॉक्टरांना बेकविथ-वीडेमानचा संशय आहे, दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी सांगितलीय. पोरगं हसतं-खेळतं असताना एवढी कशाला?

उत्तर: ताई, आधी ते ग्रहणाचं सोडून द्या. बेकविथ-वीडेमान हा जन्मजात आजार आहे, त्यात शरीर किंवा त्याचा काही भाग जास्त वाढतो. हा अकराव्या गुणसूत्रावरच्या वाढीच्या जीन्सचा गोंधळ आहे, बहुतेक वेळा आपोआप होतो, तुमच्या खाण्या-वागण्याशी त्याचा काही संबंध नाही. थोड्या घरांत तो आईकडून येतो, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक्सवाल्यांशी बोलून घ्या.

मोठी जीभ, जन्मतःची कमी शुगर, एक बाजू मोठी, हे सगळं एकाच पोरात म्हटल्यावर तुमच्या डॉक्टरांचा संशय मला तरी बरोबर वाटतो. कानाच्या पाळीवर चीर किंवा मागे खळगा आहे का तेही बघा. आता सोनोग्राफी. या मुलांत शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना लहानपणी किडनीची विल्म्स नावाची गाठ किंवा लिव्हरची गाठ होऊ शकते, ती झपाट्याने वाढते आणि पोर मात्र मजेत खेळत असतं, म्हणून तर तीन महिने. लवकर सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. सात वर्षांचा होईपर्यंत हे चालू ठेवायचं, तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका, केळीची कापणी आली म्हणून पुढे ढकलू नका. सोबत रक्तातलं एएफपीही (लिव्हरच्या गाठीत वाढणारं प्रथिन) बघतात, अडीच ते चार वर्षांपर्यंत, पण लहान बाळात ते तसंही जास्तच असतं आणि हळूहळू उतरतं, त्यामुळे रिपोर्टवर हाय दिसलं म्हणून रात्रभर जागू नका, मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. मालिश करताना पोटात गाठ लागली तर दाबून बघायचं नाही, कुणाला चोळूही द्यायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मिथायलेशनची टेस्ट (जीन्स चालू-बंद ठेवणाऱ्या खुणा तपासणारी) करा, पण रक्तात निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, कारण बिघाड कधी कधी शरीराच्या काही पेशींतच असतो. लक्षणं दिसतायत तर सोनोग्राफी चालूच राहते. झोपेत घोरतो, श्वास अडकतो, दूध नीट ओढत नाही असं असेल तर जिभेचं ऑपरेशन विचारात घेतात, नाहीतर थांबतात. कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्याला जिभेचं आधी सांगायचं. पायाची लांबी हाडांच्या डॉक्टरांकडून वेळोवेळी मोजून घ्या, फरक थोडा असेल तर बुटात उंची देऊन भागतं.

प्रश्न: मी शिरपूरचा, शिक्षक आहे. मुलगी चार वर्षांची पण सहाची दिसते, डोकं जन्मापासून मोठं, बोलणं दोन शब्दांपुढे जात नाही. आमच्याकडे सगळेच उंच, म्हणून गप्प होतो.

उत्तर: सर, नुसती उंची घरातून येते, पण मोठं डोकं आणि बोलणं मागे असेल तर गप्प बसू नका. यात सोटोस सिंड्रोम, म्हणजे वाढ जास्त होण्याचा जन्मजात आजार, बघावा लागतो, त्यात बहुतेकांत एनएसडी१ या जीनमध्ये बिघाड असतो. कपाळ रुंद, हनुवटी टोकदार, एक्स-रेत दिसणारं हाडांचं वय खऱ्या वयापेक्षा पुढे, अंग जरा सैल, असं चित्र असतं. अंगणवाडीत आरबीएसकेची (मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीम येते, त्यांना दाखवा, ते जिल्ह्याच्या डीईआयसीला (अशा मुलांच्या लवकर उपचाराचं सरकारी केंद्र) पाठवतात. स्पीच थेरपी मात्र रिपोर्टची वाट न बघता सुरू करा. आणि बालवाडीच्या बाईंना तिचं खरं वय सांगून ठेवा, दिसते सहाची म्हणून लोक सहाची अक्कल मागतात आणि बिचारी उगाच बोलणी खाते.