वहीतली लाल शाई आणि घरची बोली

प्रश्न : माझा मुलगा तासगाव तालुक्यातील एका मराठी शाळेत तिसरीत शिकतो. ‘पानी’, ‘हीर’, ‘येळ’, ‘न्हाय’ असे शब्द तो लिहितो, कारण घरी सासूबाई आणि आम्ही सगळे असेच बोलतो. त्यामुळे त्याची मराठीची वही लाल शाईने भरून येते. पालकसभेत बाईंनी सांगितले की, वर्षअखेरपर्यंत प्रत्येक मुलाला न अडखळता वाचता आणि स्वतःच्या मनाने पाच-सहा वाक्ये लिहिता आली पाहिजेत, म्हणून घरी ‘शुद्ध’ बोलत जा. आम्ही बोली बंद करावी का? रोज एक पान शुद्धलेखन पुरेसे आहे, की शिकवणी लावावी?
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर : बोली बंद करू नका. बाईंची अपेक्षा रास्त आहे, पण तिसरीतल्या मुलाने आजीशी कसे बोलावे हा शाळेचा विषय नव्हे, आणि आजीशी बोलणे कमी झाले तर त्याच्याजवळचे शब्दच कमी होतील.

लाल शाईखालचे शब्द जरा निरखून पाहा. ‘वेळ’ची ‘येळ’, ‘विळ्या’चा ‘इळा’, ‘विंचवा’चा ‘इंचू’, आणि ‘विहिरी’ची आधी ‘इहीर’ व मग ‘हीर’ : शब्दाच्या आरंभी इ किंवा ए या स्वरांआधी येणारा ‘व’ आपल्याकडच्या बोलीत टिकत नाही, आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. हा गबाळेपणा नाही, ही बोलीची शिस्त आहे. तुमचा मुलगा कानाने जे ऐकतो तेच अक्षरांत नेमके उतरवतो, म्हणजे ध्वनी आणि अक्षर यांची सांगड त्याला जमली आहे. जे मूल ‘पाणी’ लिहिताना काना गाळते किंवा जोडाक्षरात अडकून निम्मा शब्द सोडून देते, त्याला वेगळी मदत लागते. या दोन्ही प्रकारच्या चुकांवर सारखेच लाल वर्तुळ काढले, तर कोणती गोष्ट कशासाठी सुधारायची ते मुलाला कळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकरण आणखी निराळे आहे. ‘कवी’ आणि ‘गुरू’ यांच्या शेवटी दीर्घ, ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वीट’ पण ‘विटेला’ ही व्यवस्था बोलण्यात पुष्कळदा ऐकू येत नाही, ती नियमाने ठरलेली आहे. आज आपण पाळतो त्या लेखननियमांपैकी चौदा १९६२ साली आले आणि चार १९७२ साली त्यांत भर म्हणून आले. पदवीधर माणसेही येथे अडखळतात (या स्तंभाचे कच्चे खर्डे पाहिलेत तर खात्री पटेल), तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला नियम पाठ करायला न लावता ‘मूल–मुलाला’, ‘फूल–फुलाला’ अशा जोड्या डोळ्यांखालून घालाव्यात.

बोलीसाठीही जोड्यांचाच उपाय करा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा, एकाला ‘घरात’ आणि दुसऱ्याला ‘पुस्तकात’ असे नाव द्या. डावीकडे ‘हीर’, उजवीकडे ‘विहीर’. डावीकडचे शब्द आजींकडून मिळवायचे आणि उजवीकडचे धड्यांतून शोधून काढायचे. गोष्ट लिहिताना आजीचे वाक्य आले, तर ते अवतरणचिन्हांत आजीच्याच बोलीत राहू द्यावे. बोलण्याच्या भाषेचे स्वरूप दाखवताना ‘केले’ऐवजी ‘केलं’ लिहिण्याची मोकळीक आपल्या लेखननियमांनीही दिली आहे, मग आजीने काय घोडे मारले?

‘रोज एक पान शुद्धलेखन’ म्हणजे आपल्या शाळांत बहुधा पुस्तकातले पान पाहून उतरवणे. त्याचे खरे नाव अनुलेखन. त्याने अक्षर वळणदार होते. पण हात चालत असताना डोके सुट्टीवर जाऊ शकते. ऐकून लिहिणे ते श्रुतलेखन, त्यात कानाची परीक्षा असते. बाईंना हवी आहेत ती मनाने लिहिलेली वाक्ये, आणि ती पान उतरवून कधीच येत नाहीत. पानाऐवजी पाच ओळी उतरवू द्या आणि उरलेल्या वेळात बेदाण्याच्या शेडवर आज काय पाहिले, ते तीन वाक्यांत लिहायला सांगा. लिहून होईपर्यंत एकही चूक दाखवू नका. नंतर एका दिवशी एकाच प्रकारची चूक घ्या.

वाचनाबाबत धीर धरा. मुलांना वाचता-लिहिता यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. ६० शब्द म्हणजे सेकंदाला एक; ही काही शर्यत नाही, आणि ‘समजून’ हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. घड्याळ लावून वाचून घेण्यापेक्षा रोज एक छोटा उतारा त्याने आजींना वाचून दाखवावा आणि आजींनी त्यावर दोन प्रश्न विचारावेत.

गुणांची धास्तीही बाळगू नका. राज्यात २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी ६० टक्के भार आकारिक (वर्षभर वर्गात होणाऱ्या) नोंदींना आणि ४० टक्के संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) चाचणीला ठरवून दिला होता. तोंडी काम, उपक्रम, वर्गकार्य हे सारे त्या साठांत येते. वर्गात हात वर करून बोलणारे मूल तेथे मागे पडत नाही. मात्र बोलीला हसू झाले की ते हात वर करणेच सोडून देते. बाईंना भेटाल तेव्हा हे शांतपणे सांगा. मूल भयमुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे, ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मधलीच अपेक्षा आहे. दोन रकान्यांची वही त्यांना दाखवा; वर्गात अशी बरीच मुले असणार, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

शिकवणी लावू नका.

प्रश्न : नात पहिलीत आहे. ती बाराखडीऐवजी ‘चौदाखडी’ म्हणते. हे काय नवीन?
— एक आजोबा, वाई

उत्तर : नात बरोबर आहे. ‘बॅट’मधला ॲ आणि ‘बॉल’मधला ऑ आपण बोलत होतोच, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने त्यांना वर्णमालेत जागा मिळाली आणि बाराचे चौदा झाले. तुम्ही तुमची बारा म्हणा, उरलेली दोन ती शिकवेल.