स्लीव्ह सर्जरीनंतर सोडा, कोल्ड्रिंक कायमचं सोडावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय, स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) होऊन पाच महिने झाले, आहारतज्ज्ञांनी सोडा, कोल्ड्रिंक, बिअर सगळं कायमचं बंद सांगितलं, पण तुमच्यासोबत ऑपरेशन झालेला एक जण रोज लेमन सोडा पितो आणि त्याला काही होत नाही. मग डॉक्टर उगाच घाबरवतात का, आणि बाटली हलवून गॅस काढून प्यायलं तर चालेल का?

हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना. माझं माहेर बार्शीचं आणि आमच्या घरचा धंदा सोड्याचा. वडिलांनी गोटी सोड्यावर घर उभं केलं, आता दादा चालवतो. आणि माझीही स्लीव्हच झाली आहे, पुण्यात. त्यामुळे बाटलीत गॅस कसा भरतात हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तो गॅस कापलेल्या पोटात गेला की काय होतं हेही नीट समजून घेतलंय.

आधी सरळ उत्तर. पिऊ नका. पाचव्या महिन्यात तर अजिबात नाही. पण ‘पोट फाटेल’, ‘टाके उसवतील’ असं सांगून जे घाबरवतात त्यांचाही मला राग येतो. पाच महिन्यांनी सोड्याच्या घोटानं टाके उसवत नाहीत. सोड्यानं पोट ताणून पुन्हा पहिल्याएवढं होतं, याचाही भक्कम पुरावा नाही. खोटी भीती घातली की काय होतं? कुणीतरी एक दिवस पिऊन बघतो, त्याचं पोट फाटत नाही, आणि मग तो डॉक्टरांचं बाकीचंही ऐकेनासा होतो. खरं कारण पुरेसं आहे, तेच सांगा ना.

आमच्या मागच्या शेडमध्ये हातानं फिरवायचं मशीन होतं. बाटली जाळीच्या पिंजऱ्यात अडकवायची, गॅसचं पाणी भरताना ती उलटी करायची, म्हणजे आतली गोटी खाली तोंडाशी येते आणि गॅसचा दाब तिला रबराच्या रिंगवर असा काही दाबून बसवतो की सरळ केली तरी गोटी हलत नाही. अंगठ्यानं सहज ढकलली जात नाही, लाकडी टोपण लागतं. एवढा दाब. आणि वडील पाण्यात बर्फ पडल्याशिवाय मशीनला हात लावू द्यायचे नाहीत, कारण गॅस गार पाण्यातच मुरतो. पाणी कोमट झालं की तो बाहेर पडायला बघतो.

आता हेच पाणी पोटात गेलं असं समजा. आत 37 अंश. बाटलीबंद सोड्यात आणि कोल्ड्रिंकमध्ये साधारणपणे पाण्याच्या साडेतीन-चार पट गॅस मुरवलेला असतो. म्हणजे 200 मिलीच्या बाटलीत 700 ते 800 मिली कार्बन डायऑक्साइड. झाकण उघडताना थोडा जातो, तोंडात थोडा सुटतो, थोडा आतड्यात उतरून रक्तात जातो, हे सगळं धरलं तरी उरतो तो कमी नाही. साध्या माणसाच्या पोटाला याचं काही वाटत नाही, लिटर-दीड लिटरची पिशवी आहे, ताणते, ढेकर येते, संपलं. स्लीव्हमध्ये पोटाचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढलेला असतो. उरते ती 100-150 मिलीची नळी. त्यातही जो वरचा फुगीर भाग सगळ्यात जास्त ताणतो, नेमका तोच कापून टाकलेला असतो. म्हणजे जागा कमी आणि ताणायची ताकदही कमी. खालचं दार, पायलोरस, जिथल्या तिथे असतं आणि ते गॅससाठी काही झटकन उघडत नाही. मग दाब वर येतो, छातीकडे, आणि येताना ॲसिड घेऊन येतो. स्लीव्हनंतर ॲसिडिटीचा त्रास आधीच बऱ्याच जणांना सुरू होतो किंवा वाढतो. त्यात आपण आपल्या हातानं भर घालायची का?

आता दादाचं सांगते, कारण तुमचा जो मित्र आहे ना रोज पिणारा, तसं बोलणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि खरा त्रास गॅसपेक्षा त्यांचा होतो.

गेल्या मे महिन्यात भाचीचा साखरपुडा झाला, बार्शीतच. हल्ली सगळे कार्यालयाच्या दारात प्लास्टिकच्या बाटल्यांचे बॉक्स लावतात. दादानं मुद्दाम आपल्या गोटी सोड्याचे क्रेट बर्फात लावले होते, लिंबू, काळं मीठ, जिरेपूड, सगळं मांडून. छान दिसत होतं, मी स्वतः कौतुक केलं. जेवणात मी वाटीभर वरण, थोडी मटकीची उसळ आणि दही एवढंच घेतलं. जिलेबी बाजूला सारली त्यावर कुणी काही बोललं नाही. जेवण झाल्यावर दादानं व्याह्यांसमोर टोपण दाबून बाटली फोडली, आणि फेस उतू जात असलेली बाटली पहिली माझ्यासमोर धरली. “घे, आपल्या घरचा आहे.” मी नको म्हटलं. तो हसून म्हणाला, “अगं, औषध आहे हे. लोक जेवण जिरवायला पितात.” मी पुन्हा नको म्हटलं. तेव्हा त्याचा आवाज बदलला. “याच सोड्यावर तुझं कॉलेज झालं. आता तोच चालत नाही होय तुला?”

मला रडू आलं नाही, संताप आला. कारण हे त्याचं पहिल्यांदा नव्हतं. ऑपरेशनच्या आधीही तो म्हणाला होता, पैसे भरून पोट कापून घेण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेव. माझी शुगर इन्सुलिनपर्यंत गेली होती, जिना चढताना गुडघे ओरडायचे, कितीतरी वर्षं मी डाएट करून दमले होते, आणि हे त्यानं जवळून बघितलं होतं. ज्यांना हे ऑपरेशन म्हणजे सोपी पळवाट वाटते त्यांनी महिनाभर आमच्यासारखं जगून दाखवावं. रोज साठ ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जायला हवं, ते एवढ्याशा पोटात बसवायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि दिवसभरात दीड-दोन लिटर तर जायलाच पाहिजे, तेही घोट घोट. बी-12, लोह, कॅल्शियम, डी, जन्मभर. यात ताबा नाही तर काय आहे?

रात्री गच्चीवर हाच विषय पुन्हा निघाला. भाच्यानं सजावटीतला एक फुगा आणला आणि साध्या कोल्ड्रिंकची बाटली उघडून लगेच तिच्या तोंडावर चढवला. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून जरा हलवली. फुगा आधी नुसता उभा राहिला, मग भरत गेला, गोल झाला. मी दादाला म्हटलं, माझं आतलं पोट याच्यापेक्षा लहान आहे, आता सांग कुठे जाईल हे. दादानं तो फुगा बराच वेळ बघितला. मग म्हणाला, “ढेकर आली की संपलं. एवढा काय बाऊ?” त्याला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. वहिनीनं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी न विचारता माझ्यासाठी पातळ ताक करून ठेवलं, जिरं घालून, साखर न घालता.

दादाला मी तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगते, म्हणजे तुमच्याही घरी उपयोगी पडेल. मी सोड्याला विष म्हणत नाही. साध्या सोड्यात साखर नसते, त्यात वाईट असं काही नाही, तू तो स्वच्छ पाण्यात, प्रामाणिकपणे बनवतोस आणि मला त्याचा अभिमान आहे. माझ्या पोटात त्याला जागा नाही, एवढंच. बाटली नाकारली म्हणजे माणूस नाकारला असं नसतं. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम असं धरतात, पण दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा धरलेला ग्लास प्रेमाचा नसतो, तो स्वतःचं खरं करण्यासाठी असतो. तुमच्या मित्रालाही हेच सांगा. त्याला त्रास होत नसेल तर चांगलं आहे, प्रत्येकाचं पोट वेगळं. पण त्याच्या पोटावरून तुम्ही तुमचं ठरवू नका.

हलवून गॅस काढायचं विचारलंत. साध्या सोड्यातला गॅस काढला तर पाणीच उरलं, मग पाणीच प्या की. कोलातला काढला तर साखर उरते, आणि ती जास्त वाईट. लेबल वाचा, 100 मिलीला साधारण दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे 300 मिलीत सहाएक चमचे. पातळ साखर त्या नळीतून झरकन उतरते, पोट भरल्याचं कळतही नाही. ऑपरेशननंतर ज्यांचं वजन परत चढतं त्यांच्यात असं पिण्यातून साखर घेणारे असतात, आणि दोष मात्र पोट ‘ताणलं’ म्हणून सोड्यावर जातो. डाएटवाल्यात साखर नाही पण गॅस तेवढाच आणि आंबटपणाही असतोच. बिअरमध्ये गॅस आणि दारू दोन्ही, आणि या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. त्यामुळे तिचा विचारच करू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पोट जड वाटलं की घरचे लगेच इनो किंवा खाण्याचा सोडा लिंबू पिळून देतात. तोही तोच गॅस आहे, फक्त बाटलीऐवजी पेल्यात तयार होतो. पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचंही तसंच. चघळायच्या किंवा साध्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. जळजळ होत असेल तर सर्जनना सांगा, ते त्यासाठी औषध देतात. गॅसनं गॅस काढायचा उपाय आपल्याला नाही.

आणि स्ट्रॉ नको. त्यातून हवाच जास्त जाते.

हे सगळं स्लीव्हचं झालं. कुणी बायपासवालं (हृदयाचं नव्हे, पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) वाचत असेल तर त्यांचं गणित वेगळं. त्यांची पिशवी अजून लहान, 30 मिलीच्या आसपास, आणि खालचं दार मध्ये नसल्यामुळे गोड पेय सरळ आतड्यात ओततं. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात. स्लीव्हवाल्यांनाही हे होऊ शकतं, फक्त कमी. त्यामुळे बायपासवाल्यांनी साखरेच्या कोल्ड्रिंकचं नावच काढू नये.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. काही सर्जन काही महिन्यांनी घोटभर चालेल म्हणतात, काही कधीच नाही म्हणतात, तुमचे काय म्हणतात ते तुमच्यासाठी. ज्यांनी आधीच प्यायलंय आणि नुसतं फुगल्यासारखं वाटतंय त्यांनी घाबरू नये, थोडं चालावं, सरळ बसावं, उतरेल. पण सतत उलट्या, ताप, पोटात किंवा खांद्यात जोराची कळ, नाडी विनाकारण वेगात, यातलं काहीही असेल तर त्याचा सोड्याशी संबंध लावत बसू नका आणि इथे प्रश्न टाकून उत्तराची वाट बघू नका. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचा नंबर असतो, तो लावा.