प्लग-इन हायब्रिड घ्यायची, पण कोणती?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरासमोर स्वतःची पार्किंगची जागा आहे आणि ७ किलोवॉटचा चार्जरही बसवलेला आहे. माझे ऑफिस २२ मैलांवर आहे, पण तिथे चार्जिंगची सोय नाही. घरात आम्ही दोघे आणि आठ व पाच वर्षांची दोन मुले. दर उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात. कंपनीच्या योजनेतून प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी घ्यायची आहे. बीएमडब्ल्यू एक्स५ एक्सड्राइव्ह ५०ई, मर्सिडीज जीएलई ३५० डीई किंवा व्होल्वो एक्ससी९० टी८ यांपैकी एक गाडी घेता येईल. कोणती घ्यावी? आणि माहितीपत्रकात गॅलनला तीनशे मैलांच्या वर ॲव्हरेज लिहिले आहे, ते खरे मानावे का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात देता येते : नाही. हा आकडा काढताना प्रयोगशाळेत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा रिकाम्या बॅटरीवर चालवली जाते आणि मालक बहुतेक अंतर विजेवरच कापणार, असे गृहीत धरून दोन्हींची सरासरी मांडली जाते. प्रत्यक्षात मालक गाडी प्लगला लावतोच असे नाही. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधल्या इंधनमापकांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. त्यामुळे आपली गाडी रोज रात्री न चुकता प्लगला लागणार असेल, तरच पुढची तुलना वाचण्यात अर्थ आहे.

आपले रोजचे जाणे-येणे ४४ मैलांचे आहे आणि आपल्या बाबतीत निकाल बराचसा या एका आकड्यावर ठरतो. एक्स५ मध्ये २५.७ किलोवॉट-तास वापरता येणारी बॅटरी असून तिची अधिकृत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये केवळ विजेवर कापता येणारे अंतर, साठ मैलांपलीकडे जाते. हिवाळ्यात त्यातली पाव ते तृतीयांश रेंज गळते असे धरले, तरी आपण ऑफिसला जाऊन जवळजवळ विजेवरच परत याल. जीएलईच्या बॅटरीचा ३१.२ किलोवॉट-तास हा आकडा एकूण क्षमतेचा आहे; प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता त्याहून कमी असते. एक्ससी९० मध्ये मात्र प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता १४.७ किलोवॉट-तासच आहे आणि अधिकृत रेंज चाळीस मैलांच्या थोडी वर आहे. जानेवारीच्या एखाद्या गारठलेल्या सकाळी निघालात, तर परतीच्या वाटेचा बराचसा भाग पेट्रोलवर जाईल. सकाळी गाडी प्लगला असतानाच केबिन गरम करून घेतली, तर ती वीज बॅटरीतून न जाता घराच्या मीटरवरून जाते. हे तिन्ही गाड्यांत मोबाइलवरून करता येते आणि ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

मर्सिडीजचा विक्रेता आपल्याला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान चार्जरवर बॅटरी भरण्याची सोय, आवर्जून सांगेल. जीएलई ६० किलोवॉटपर्यंत चार्ज होते, तर एक्स५ ला घरच्यासारख्या ७.४ किलोवॉट एसी चार्जिंगवरच समाधान मानावे लागते. तरीही आपल्या दृष्टीने या सोयीला मी फारसे महत्त्व देणार नाही. इंग्लंडमधील महामार्गांवरच्या वेगवान चार्जरचा दर युनिटला साधारण ७५ पेन्स धरा. एवढी जड गाडी १० मैलांना सुमारे ४ युनिटे (किलोवॉट-तास) खाते, म्हणजे ३ पौंड झाले. तेच १० मैल गॅलनला ३० मैल या हिशेबाने पेट्रोलवर दीड लिटरात होतात आणि त्याला दोन पौंडांच्या आसपास खर्च येतो. घरी रात्रीच्या ७-८ पेन्सच्या दराने मात्र एक्स५ ची अख्खी बॅटरी साधारण तेवढ्याच पैशांत भरते. सारी बचत रात्रीच्या या दरात आहे; प्रवासात थांबून चार्ज करणे म्हणजे पदरचे पैसे घालून वाट पाहणे होय.

आता आसनांचा प्रश्न, जो माहितीपत्रकात कुठेतरी कोपऱ्यात दडलेला असतो. बॅटरी आणि इंधनाची टाकी एकाच गाडीत बसवायची असल्याने प्लग-इन एक्स५ आणि जीएलई पाचच आसनांच्या मिळतात. डिकीही आकसते : एक्स५ मध्ये साध्या मॉडेलच्या ६५० लिटरऐवजी ५००, तर जीएलईमध्ये ४९० लिटर. ऑडी क्यू७ चेही हेच झाले आहे. एक्ससी९० सात आसने टिकवू शकली, कारण तिच्यात पुढच्या व मागच्या चाकांना जोडणारा दांडाच नाही. पेट्रोल इंजिन पुढची चाके फिरवते, विद्युत मोटर मागची, आणि दांड्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत बॅटरी बसते. मात्र तिसरी रांग उभी केली की मागे पिशव्यांपुरतीच जागा उरते. हीथ्रोहून आई-बाबांना आणताना सहा माणसे आणि चार मोठ्या बॅगा बसतील अशी या तिघींत एकही गाडी नाही. टपावर पेटी लावा किंवा त्या दिवशी मुलांना घरी ठेवा.

जीएलईचे डिझेल इंजिन लांब पल्ल्याला खरोखरच काटकसरी आहे. दर आठवड्याला स्कॉटलंडला जाणाऱ्याला मी तीच सुचवली असती. आपल्यासारख्या वापरात मात्र ते इंजिन दिवसेंदिवस झोपलेले राहील, मग थंडगार अवस्थेत थोडा वेळ जागे होईल, आणि असा तुटक वापर डिझेलच्या काजळी-फिल्टरला मानवत नाही.

कराच्या बाबतीत तिघींत फरक कमी आहे. कंपनीच्या गाडीच्या छापील किमतीचे ठरावीक टक्के आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. ४० ते ६९ मैल विद्युत रेंज असलेल्या कंपनीच्या गाडीवर २०२५-२६ साठी ९ टक्के दर होता, ३० ते ३९ मैलांना १३ टक्के. व्होल्वोचा आकडा काठावर असल्याने मोठी चाके निवडताना तो चाळीसच्या खाली घसरत नाही ना, हे लेखी विचारावे. एप्रिल २०२८ पासून रेंजनुसार मिळणारी ही सवलत संपून दर १८ टक्क्यांवर जाणार आहे, शिवाय प्लग-इन गाड्यांना मैलामागे दीड पेनी कर जाहीर झालेला आहे. म्हणून करार तीन वर्षांहून लांब नसावा.

माझे मत विचाराल, तर एक्स५ घ्यावी. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि विद्युत मोटर मिळून ४८९ अश्वशक्ती देतात, पण कारण ते नव्हे. आपले रोजचे ४४ मैल ती विजेवर नेते, हे आहे. आई-बाबांचा मुक्काम वर्षातून अनेक महिन्यांचा असेल आणि सहाजण नेहमी एकत्र निघत असाल, तर मात्र एक्ससी९० ला पर्याय नाही.

प्रश्न : अशा गाड्या भारतात एवढ्या कमी का दिसतात? पुण्यात शोरूममध्ये मला एक्स५ "हायब्रिड" म्हणूनच दाखवली.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला दाखवली ती ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड होय. तिला प्लग नसतो आणि ती केवळ विजेवर गाव ओलांडू शकत नाही. भारतात जुळणी होणारी एक्स५ असो वा जीएलई, दोन्ही याच प्रकारच्या आहेत. बीएमडब्ल्यूने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेली एक्सएम खरी प्लग-इन होती, पण तिची एक्स-शोरूम किंमत २ कोटी ६० लाख होती.

कारण मुख्यतः कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या हायब्रिडवरही तेवढाच, तर पूर्ण विद्युत गाडीवर ५ टक्के. दुहेरी यंत्रणेचा खर्च करूनही ग्राहकाला सवलत मिळणार नसेल, तर कंपनी ती गाडी येथे आणील कशाला? सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून जोडणी मिळत असेल, तर आपण चाकणमध्ये जुळणी होणारी मर्सिडीज ईक्यूएस एसयूव्ही पाहावी. जोडणी मिळत नसेल, तर डिझेल जीएलई घ्यावी आणि हायब्रिड या शब्दासाठी ज्यादा पैसे मोजू नयेत.