छंद परवडत नाही म्हणणारे टर्नरकाका

"मॅडम, छंद हे पैसेवाल्यांचं काम. आमची पेन्शन ती केवढी, त्यात छंद कुठं बसवायचा?"

निवृत्त झालेल्यांकडून, त्यातही पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हयात घालवलेल्यांकडून हा प्रश्न मला समुपदेशन करताना सारखा ऐकायला मिळतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली, आणि तीस-तीस वर्षं नोकरी करूनही कित्येकांच्या हाती दोन-तीन हजारच येतात. तरी माझं असं मत झालंय की पैशाचं कारण खरं असलं, तरी पुष्कळदा ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं एका काकांमुळे मला नीट समजलं. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. माझ्याकडे त्यांना घेऊन आल्या त्या काकू. पहाटे साडेचारला उठायची फर्स्ट शिफ्टची सवय तशीच होती, पण उठून करायचं काय? मग गॅसचा नॉब बघ, फ्रीजमधले डबे पुन्हा लाव, भाजी जाड का चिरली ते विचार. "घरात सुपरवायझर बसलाय माझ्या," काकू म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. काका खाली मान घालून बसले होते.

अशा वेळी मी छंदाचा विषय लगेच काढत नाही. आधी झोप, भूक, वजन, दारू, मरणाचे विचार या सगळ्यांची चौकशी करते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. तिथे 'काहीतरी छंद लावून घ्या' म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला सांगणं. (सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर. दोन्ही नंबर घरात लिहून ठेवावेत.) काकांचं तसं नव्हतं. जेवण, झोप ठीक होती. ते नुसते रिकामे होते.

मुलाने त्यांना बरंच काही सुचवून पाहिलं होतं. फोटोग्राफी? कॅमेऱ्याची किंमत बघितली का. हार्मोनियम? पेटी काय फुकट येते. सहली? दोघांचे मिळून किती होतात माहितीय? प्रत्येकाचा भाव त्यांना तोंडपाठ होता. पण जवळच्या विरंगुळा केंद्रात कॅरम होता, देवळात भजनी मंडळ होतं, वाचनालयाची वर्गणी चहाच्या खर्चाहून कमी होती. तिथेही ते गेले नव्हते.

मी विचारलं, "काका, पैसे जरा बाजूला ठेवू. समजा भजनाला गेलात, तर काय होईल?"

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला टाळसुद्धा धरता येत नाही. कंपनीत इंजिनियर पोरं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडं यायची. आता तिथं जाऊन मी सगळ्यांच्या मागं बसू?"

हे ते उरलेलं अर्धं. ज्याच्या हाताला आयुष्यभर मान मिळाला, त्याला साठीला टेकल्यावर पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं म्हणजे जीव नको होतो. ते कबूल करण्यापेक्षा 'परवडत नाही' म्हणणं सोपं, कारण त्यावर कुणी पुढे विचारत नाही. घरच्यांनाही मी हेच सांगते: खर्चाचा हिशेब मांडून दाखवण्यात शक्ती घालवू नका, माणूस कशाला बिचकतोय ते बघा.

म्हणून 'तुम्हाला आवड कशाची?' हा प्रश्न मी विचारलाच नाही. तो विचारला की माणसं गोंधळतात. नोकरी, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणं यांत आवड कधी तपासलेलीच नसते. मी विचारलं, "कामावर असं काय होतं, की ते करताना जेवणाची सुट्टी झाल्याचंही कळायचं नाही?" उत्तर ताबडतोब आलं: टूलला धार लावणं. ग्राइंडरवर हाताने कोन काढायचा, तोही नजरेने. आणि बोलता बोलता गावच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेचा विषय निघाला. तिच्यात आजोबा-पणजोबांच्या वेळचे कागद होते. मोडी लिपीतले. घरात कुणालाच वाचता येत नव्हते.

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जायची; आता ती वाचणारे थोडे आणि न वाचलेले कागद अफाट. पुण्यातलं पेशवे दफ्तर आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे; पण त्यांच्याबाहेरही घराघरांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेली दफ्तरं पडून आहेत. लिपी शिकवणारे छोटे वर्ग होतात, फी बेताची असते. वही, शाई आणि बोरू (तासून टोक काढलेली लेखणी), एवढंच सामान.

काका पहिल्या दिवशी गेले ते काकूंनी भरीस घातलं म्हणून. वर्गात बहुतेक कॉलेजची मुलं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, हे काकांना जमेना. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, बाराखडीत अक्षराचं रूपच पालटतं. पुढच्या वेळी जायचं नाही असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पण त्याच दिवशी शेवटी बोरू तासायला दिले. मुलांची टोकं फाकत होती, शाईचे डाग पडत होते. काकांनी शेजारच्या मुलीचा बोरू हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "कोन जास्त काढलायस, म्हणून दाबलं की टोक पसरतंय." चाकूने दोन हलके काप दिले, मधोमध बारीक चीर पाडली. मग अख्ख्या वर्गाचे बोरू त्यांच्यापुढे आले.

तिथून ते टिकले. लिपी अवघडच वाटत होती, पण आता मागच्या बाकावर बसायला त्यांना जड जात नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत ट्रंकेतला एक कागद त्यांनी अडखळत लावला: पणजोबांनी बैलासाठी घेतलेल्या कर्जाचा रोखा. (जमिनीच्या वादात असं घरचं वाचन चालत नाही, तिथे अधिकृत लिप्यंतरच लागतं, हे मी त्यांना बजावलं.)

सगळ्यांनी मोडी शिकावी असं मी म्हणणार नाही. एक निवृत्त शिक्षिका मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर जुन्या पुस्तकांची मुद्रितं तपासतात. त्यांचा खर्च इंटरनेटचा. एक काका पहाटे टेकडीवर पक्षी बघून मोफतच्या ई-बर्ड ॲपवर नोंदी करतात. एक जोडपं एसटीने जाऊन जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) बघतं: पासष्टीनंतर निम्मं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट, आणि बायकांना २०२३ पासून पासष्टीच्या आधीही निम्मं. या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. काम दिवसेंदिवस थोडं अवघड होत जातं आणि आपण आलो नाही तर कुणीतरी विचारतं. ज्या छंदात हे दोन्ही नाही, तो महिन्याभरात सुटतो. महागडी वस्तू आधी विकत घेऊन तर तो हमखास सुटतो. तीन महिने उसन्या पेटीवर काढावेत आणि मग दुकानात जावं.

राहिल्या काकू. त्यांच्या रिटायरमेंटबद्दल घरात कुणी बोललंच नव्हतं. मी दोघांना सांगितलं, महिन्याला प्रत्येकी अडीचशे रुपये बाजूला काढा, एकमेकांना हिशेब विचारायचा नाही. काकूंनी काय मागितलं असेल? पोहणं. लहानपणी गावच्या विहिरीत मुटके मारायच्या. लग्नानंतर पाण्यात उतरल्या नव्हत्या. महापालिकेच्या तलावावर महिलांची सकाळची बॅच निघाली. ती वेळ स्वयंपाकाची, म्हणून काका अडले. मग त्या दिवसांची पोळी-भाजी त्यांच्याकडे आली. भाजी अजून जाडच चिरली जाते, पण काकूंनी त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, असं आमचं तिघांचं ठरलंय.