व्होल्टेज आणि करंटवरून काढलेला रेझिस्टन्स मीटरवरच्या ओहमशी का जुळत नाही?

तुम्ही गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बॅटरीवर लावला. बल्ब चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि करंट १.७५ अँपिअर मिळाला, म्हणजे भागाकार करून ७.०९ ओहम. बल्ब काढून मल्टिमीटर ओहमवर लावला तर ०.९. यातला खरा रेझिस्टन्स कोणता आणि पॉवर कोणत्या आकड्यावरून काढायची, असं विचारलंय.

सूत्रं तुम्हाला माहीत आहेतच: रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट, पॉवर = व्होल्टेज × करंट. सूत्रात गडबड नाही. एक गडबड त्यात घातलेल्या व्होल्टेजमध्ये आहे, दुसरी बल्बच्या तापमानात.

ज्या वस्तूचा रेझिस्टन्स हवा, तिच्याच दोन टोकांवरचा व्होल्टेज घ्यायचा असतो. बॅटरीवर १२.४ असले तरी बल्बच्या टोकांवर मोजा, समजा ११.९ भरले. मधला अर्धा व्होल्ट वायर, होल्डर आणि करंट मोजणारं मीटर यांनी खाल्ला. आता ११.९ ÷ १.७५ = ६.८ ओहम, हा बल्बचा. ०.५ ÷ १.७५ = ०.२९ ओहम, हा बाकी सगळ्यांचा. दोन्ही मिळून तुमचे ७.०९. पॉवरचंही तसंच: बल्ब २०.८ वॅट घेतो आणि सुमारे ०.९ वॅट वाटेत उष्णता होऊन जाते. सगळी गळती एकाच गंजलेल्या होल्डरमध्ये असेल, तर तो हाताला गरम लागतो. कनेक्शन कुठे ढिलं आहे ते शोधायला मी आधी हेच मोजतो.

आता ते ०.९. ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.३ च्या आसपास काहीतरी दिसेल, तो प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स. तो वजा केला की थंड बल्ब ०.६ ओहमचा उरतो. हा आकडाही खरा, आणि ६.८ हाही खरा. टंगस्टनची तार पेटल्यावर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तिचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम तापमान स्थिर असेल तरच लागू होतो. पुस्तकात ही अट एका ओळीत येते आणि नेमकी तीच नजरेतून निसटते. म्हणून चालू अवस्थेतला रेझिस्टन्स ओहमच्या रेंजवर कधीच मिळणार नाही, तो व्होल्टेज आणि करंटवरूनच काढावा लागतो.

या ०.६ चा उपयोग वेगळाच आहे. बटण दाबल्या क्षणी बल्ब थंड असतो, म्हणून १२ ÷ ०.६ = २० अँपिअर मागतो. वायरींमुळे प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, आणि काही मिलिसेकंदांत करंट खाली येतो. पण जुना बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का उडतो, ते यावरून कळेल.

मोजताना करंटसाठी मीटर सीरिजमध्ये: एक वायर सोडवायची आणि मधे मीटर घालायचं. लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत. मिलिअँपिअरच्या खाचेत १.७५ अँपिअर सोडलेत तर आतला फ्यूज गेलाच. काम झालं की लाल प्रोब तिथून काढून व्होल्टच्या खाचेत घाला. विसरलात आणि तसेच प्रोब बॅटरीवर टेकवलेत तर तो सरळ शॉर्ट. काही स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या खाचेला फ्यूजही नसतो. आणि ओहम मोजताना सप्लाय बंद हवा, शिवाय वस्तूचं निदान एक टोक सर्किटमधून सुटं हवं. नाहीतर समांतर जोडलेले बाकीचे भागही त्या आकड्यात येतात. शक्य असेल तर व्होल्टेज आणि करंट दोन मीटर लावून एकाच वेळी वाचा. एकच मीटर असेल तर करंट मोजताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स सर्किटमध्ये असतो, व्होल्टेज मोजताना नसतो, आणि दोन आकडे दोन वेगळ्या सर्किटांचे होतात.

करंट मिलिअँपिअरमध्ये असेल तर शून्यांचा घोळ हमखास होतो. सोपं असं लक्षात ठेवा: व्होल्ट ÷ मिलिअँपिअर = किलोओहम, व्होल्ट × मिलिअँपिअर = मिलिवॅट. ९ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर म्हणजे ०.४५ किलोओहम, अर्थात ४५० ओहम, आणि १८० मिलिवॅट.

एलईडीला मात्र हा भागाकार लावू नका. २ व्होल्ट, २० मिलिअँपिअर म्हणून १०० ओहम येतील खरे, पण करंट बदलला की तोही आकडा बदलतो. तिथे गणित सीरिजमधल्या रेझिस्टरचं करायचं. १२ व्होल्टचा सप्लाय असेल तर रेझिस्टरवर १० व्होल्ट, १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. बाजारात नेहमी मिळणाऱ्या आकड्यांत ५६० ओहमचा मिळतो, करंट १८ मिलिअँपिअर होतो, उजेडात फरक जाणवत नाही. रेझिस्टरवरची पॉवर १० × ०.०१८ = ०.१८ वॅट. पाव वॅटचा चालेल, पण चांगलाच तापेल. अर्ध्या वॅटचा घाला.

व्होल्टेज दुप्पट केला तर पॉवर चौपट होते, पण ती रेझिस्टन्स कायम राहिला तरच. १० ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर १४.४ वॅट घेतो, २४ वर ५७.६. तुमचा बल्ब ६ व्होल्टवर चालवलात तर पॉवर चौथाई होणार नाही, त्याहून जास्तच भरेल, कारण तार कमी तापते आणि तिचा रेझिस्टन्सही उतरतो.

हे सगळं डीसीचं. एसीवर हीटरला हेच गणित चालतं. मोटरला नाही: २३० व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे ४६० व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॅटचा हिस्सा) ०.८ असेल तर ३६८ वॅट. आणि तिथे भागाकारातून येणारे ११५ ओहम वाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचे, नसतात, थंड वाइंडिंग मीटरवर त्याहून बरंच कमी दाखवतं. तेवढ्यावरून मोटर जळाली असं समजू नका.