जुन्या कपड्यांची फडकी, मॉप आणि घासण्या: वाचकांचे प्रश्न

ताई, घरातले जुने पडदे आणि चादरी कापून बरीच फडकी शिवली, काठ दुमडून टीप पण नीट मारली, पण त्यातली काही फडकी पाणी पितच नाहीत, ओट्यावर नुसतं इकडून तिकडे पसरवतात. शिवण्यात काही चुकलंय का?

शिवण तुमची बरोबरच आहे हो, फरक कापडात आहे. सुती धागा पाणी आत ओढून घेतो आणि पॉलिस्टरचा धागा जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे पडद्याचं फडकं कितीही सुबक शिवलं तरी ते ओलं पुसणार नाही. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून बघायचा. लगेच पसरून आत गेला तर ते पुसायचं कापड, वरच गोल बसून राहिला तर कोरडी धूळ झटकायला ठेवा. फक्त एक आहे, कधी कधी चांगल्या सुती टॉवेलवरसुद्धा थेंब तसाच बसतो, तो फॅब्रिक सॉफ्टनरचा थर असतो, गरम पाण्यात साबण घालून एक-दोनदा धुतला की बराचसा निघून जातो.

आणि विरलेली सुती चादर असेल ना, ती काचेसाठी वेगळी काढून ठेवा. तिचा सुटा धागा धुऊन धुऊन केव्हाच निघून गेलेला असतो त्यामुळे काचेवर तूस राहत नाही, टॉवेलने पुसलं तर हमखास राहतं.

आमच्या सपाट मॉपचं कापड फाटलंय आणि मापाचं नवीन मिळत नाहीये. जुन्या टॉवेलचं घरी शिवता येईल का? साधं मशीन आहे.

येईल की, आणि मला विचाराल तर जुन्या कापडातून शिवायची सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच! टॉवेल जुना असला की आणखी बरं, जेवढा आटायचा तेवढा आधीच आटलेला असतो, त्यामुळे आज घेतलेलं माप पुढेही टिकतं.

आधी मॉपची पट्टी मोजा. समजा ती ४० बाय १२ सेंटीमीटर आहे, तर शिलाईसाठी चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर सोडायचं आणि कापड जाड आहे म्हणून वर आणखी एक, म्हणजे ४४ बाय १६ चे टॉवेलचे दोन तुकडे कापा. दोन्ही एकावर एक ठेवून चार-पाच सेंटीमीटरच्या अंतराने आडव्या टिपा मारून घ्या. या टिपांचा कंटाळा करू नका, त्या नसल्या तर दोन-चार धुण्यांत आतला थर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतो आणि मग फरशी अर्धी ओली अर्धी कोरडी.

आता दोन्ही टोकांना खिसे. त्यासाठी जुन्या जीन्सचे १६ बाय १३ चे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाची १६ ची एक बाजू दुमडून शिवा, मग टॉवेलची सुलट बाजू वर ठेवून त्यावर हे तुकडे उलटे ठेवा, दुमडलेली कड मधल्या बाजूला येईल असे, आणि बाहेरच्या तीन बाजूंनी शिवून खिसा उलटवा. मधे टॉवेलची जी कड उघडी राहते ती आत दुमडून टीप घाला. खिशाच्या तोंडाशी दोन-तीनदा पुढे-मागे शिवून पक्कं करा कारण पट्टी आत सरकवताना सगळा ताण तिथेच येतो.

मशीनचं म्हणाल तर सुई १६ नंबरची लावा आणि टाका जरा मोठा, ३ ते साडेतीन मिलिमीटर. बारीक सुईने जीन्स आणि टॉवेल एकत्र शिवायला गेलं की टाके सुटतात नाहीतर सुईच मोडते. जिथे चार थर येतात तिथे पॅडल सोडा आणि चाक हाताने फिरवा.

भांडी घासायला घरीच घासणी शिवली, वर जाळीचं कापड आणि आत जुन्या टीशर्टचे तुकडे कोंबलेत. घासते छान पण लवकर वास येतो.

आतलं भरण वाळत नाहीये. बाहेरून कोरडी वाटली तरी मधला गोळा ओलाच राहतो आणि ओल राहिली की जंतू वाढतात, वास त्यांचाच. भरण काढून टाका, टीशर्टचं कापड फक्त दोन पदरी घ्या, त्यावर जाळी ठेवून चौकोन शिवा आणि एका कोपऱ्यात अडकवायला नाडी घाला. एकदम दोन-तीन शिवून ठेवा म्हणजे एक वापरात असताना दुसरी पूर्ण वाळेल. मधूनमधून उकळत्या पाण्यात टाकायची असेल तर जाळी आधी तपासा, काही नायलॉनच्या जाळ्या उष्णतेने आक्रसतात.

मशीन नाही. हाताने शिवलेलं टिकेल का?

टिकतं. साधा धावदोरा घालू नका, दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जायचा उलटा टाका घाला. टीशर्टच्या कापडाला तर काठ दुमडायचीही गरज नाही, ते विणीचं असतं, कापलं तरी त्याचे धागे निघत नाहीत. दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्या कापून ओढल्या की त्या आपोआप गुंडाळतात, त्यांचा जुडगा काठीला घट्ट बांधला की झटकणी तयार.

लाकडी फर्निचरला अळशीच्या तेलाचं पॉलिश करते, त्याचं फडकं धुऊन परत वापरता येईल?

हे एक फडकं मात्र परत वापरायचा आग्रह नको. अळशीचं तेल हवेत सुकताना स्वतः उष्णता सोडतं, आणि असं फडकं चुरगळून डब्यात किंवा ढिगात ठेवलं तर ती उष्णता आतच साठून ते आपोआप पेट घेऊ शकतं, जवळ काडी नसतानाही. काम झालं की ते घराबाहेर मोकळ्या जागी पूर्ण उलगडून एकपदरी वाळत घाला, कडक झालं की मग टाका, आणि लगेच वाळत घालणं जमत नसेल तर पाण्याने भरलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. या कामाला विरलेल्या चादरीचा लहानसा तुकडा घ्या, शिवू नका.