विद्यावेतन म्हणजे वेतन का?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी केगावच्या विद्यापीठात पीएचडी करते, तिला अधिछात्रवृत्ती मिळते. भाचा सिव्हिलला एमडी करतोय, त्याला विद्यावेतन. सीए म्हणाले, मुलीचे पैसे करमुक्त, भाच्याचं बघावं लागेल. हा फरक शब्दामुळे पडतो का?

शब्दामुळे संशय येतो, कर लागत नाही.

‘शिष्यवृत्ती’तली ‘वृत्ती’ म्हणजे स्वभाव नव्हे, चरितार्थाची सोय. जोशी-कुलकर्ण्यांची वतनवृत्ती, भिक्षावृत्ती, त्यातलीच ही. संशोधकाला ‘शिष्य’ म्हणणं जड गेलं असावं, म्हणून बार्टी-सारथी या सरकारी संस्थांच्या जाहिरातींत ‘अधिछात्रवृत्ती’ दिसते. बोलताना मात्र सगळे फेलोशिपच म्हणतात, आणि त्यांना दोष देववत नाही. ‘वेतन’ हा सरळ कामाचा मोबदला. शिकाऊ उमेदवार किंवा इंटर्न शिकतोही आणि राबतोही, म्हणून ‘विद्यावेतन’. जोडशब्द चपखल आहे, पण करखात्यापुढे त्याचं उत्तरपद, म्हणजे शेवटचं ‘वेतन’, नडतं.

१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१६) म्हणतं, शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. रकमेला कमाल मर्यादा नाही. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे, महिना ३७,००० रुपयेही त्यात बसतात. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, सवलत राहिली. कागदावर नाव काय आहे यापेक्षा पैसे कशासाठी दिले हे पाहतात. भाचा अभ्यासही करतो आणि वॉर्डात रात्रपाळ्याही. त्यामुळे ही शिक्षणाला मदत की कामाचा मोबदला, यावर वाद होत आलेत. त्याने फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावरच्या करकपातीचा तपशील, उघडून टीडीएस कापलाय का आणि कापला असेल तर पगार म्हणून की व्यावसायिक फी म्हणून, हे पाहावं. सीएला तेवढं हवं असतं.

फेलोशिप बँकेत ठेवून मिळालेलं व्याज मात्र करपात्र. तसंच उद्या मुलीने तासिका तत्त्वावर शिकवलं तर ते ‘मानधन’. मान कितीही असो, धन उत्पन्नात धरतात.

जाता जाता: अर्जात ‘शिष्यवृत्ती’ दीर्घ, पण ‘शिष्यवृत्तिधारक’ लिहिताना ‘त्ति’ ऱ्हस्व. ‘निवृत्तिवेतन’ लिहितो तसंच.